काही देशांचा माल जगभर जातो, काहींचा का नाही? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या पिंपळगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो, चौदा सीझन झाले आता. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल तेच प्रश्न कानावर येतात, शेतकरी विचारतात, कॉलेजची मुलं येतात ती विचारतात, घरी पाहुणे आले तरी विषय तिथेच जातो. म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढलंय, द्राक्षाचंही आणि बाहेरच्या देशांचंही, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे असं माझं मत होत गेलंय.

निर्यातीत पुढे म्हणजे नक्की कोण? मोठा देश तर जास्त विकणारच ना?

मोठा असला म्हणून जास्त विकतो असं काही नाही. दक्षिण कोरिया बघा, लोकसंख्या साधारण 5 कोटी 17 लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही, आणि 2024 साली त्यांनी 68,000 कोटी डॉलरच्या वर माल बाहेर विकला. आपल्या अख्ख्या भारताची वस्तूंची निर्यात 2024-25 ला साधारण 43,700 कोटी डॉलर होती. सॉफ्टवेअर वगैरे सेवांमध्ये आपण चांगले आहोत, हिंजवडीत रोज सकाळी जे ट्रॅफिक लागतं त्यातलं बरंचसं त्याचंच आहे, पण कारखान्यात आणि शेतात बनलेल्या मालात अजून खूप मागे आहोत.

कोरियाने एवढं केलं तरी काय? ते तर युद्धात पार बेचिराख झाले होते.

हो, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1964 साली त्यांची वर्षभराची निर्यात 10 कोटी डॉलरला पोचली तर त्यांनी त्याचा राष्ट्रीय दिवस साजरा केला, एवढी ती मोठी गोष्ट होती. तेव्हा विकत काय होते, तर प्लायवूड, कापड आणि माणसाच्या केसांचे विग. विग! बायका केस विकायच्या आणि कारखान्यात त्याचे विग बनून अमेरिकेत जायचे. 1977 ला तीच निर्यात 1,000 कोटी डॉलर झाली, म्हणजे तेरा वर्षांत शंभरपट.

केलं काय म्हणाल तर राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दर महिन्याला निर्यातीची मीटिंग घ्यायचे, मंत्री, बँकवाले, कारखानदार सगळे एका खोलीत, कोणाचं टार्गेट किती आणि अडलंय कुठे हे तिथल्या तिथे निघायचं, कस्टममध्ये अडलं असेल तर कस्टमचा माणूस समोरच बसलेला. स्वस्त कर्ज मिळायचं पण ते निर्यात करून दाखवली तर, कच्चा माल ड्युटीशिवाय आणायला मिळायचा तोही निर्यातीसाठीच. 1962 लाच त्यांनी कोट्रा नावाची सरकारी संस्था काढली, तिचं काम म्हणजे बाहेरच्या देशांत ऑफिसं उघडायची आणि आपल्या कारखानदाराला गिऱ्हाईक शोधून द्यायचं. हे सगळं हुकूमशाहीत झालं, कामगारांना दाबून ठेवलं होतं, संघटना करू देत नव्हते, ते लपवायचं काही कारण नाही आणि ते उचलायचीही गरज नाही. पण दर महिन्याला अडचण विचारणे आणि सोडवणे याला हुकूमशाही लागत नाही.

बांगलादेशचं कसं? तिथे मजुरी स्वस्त, म्हणून कपडे जातात, एवढंच ना?

मजुरी स्वस्त आहे हे खरं, पण नुसत्या स्वस्त मजुरीवर झालं असतं तर जगातले सगळ्यात गरीब देश निर्यातीत पहिले असते, तसं कुठेच दिसत नाही. आणि जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये पगार जगात खूप वरचे, तरी त्यांची मशिनं, औषधं, घड्याळं जगभर जातातच.

बांगलादेशची सुरुवात कशी झाली ते सांगतो, मला ही गोष्ट फार आवडते. 1970 च्या दशकात श्रीमंत देशांनी कपड्यांवर कोटा लावला, कुठल्या देशातून किती शर्ट येणार ते ठरलेलं. कोरियाचा कोटा भरला, बांगलादेशवर कोटा नव्हता कारण तिथून काही जातच नव्हतं. मग कोरियाच्या देवू कंपनीने चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला आणि 1979 ला बांगलादेशातली 130 माणसं ट्रेनिंगसाठी कोरियाला बुसानच्या कारखान्यात गेली, काही महिने राहिली, शिवण, कटिंग, क्वालिटी, मार्केटिंग सगळं शिकून आली. पुढे काही वर्षांत त्यातले बहुतेक देश गारमेंट्स सोडून गेले, कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. त्या कंपनीला त्रास झाला असेल, पण देशाला धंदा मिळाला. आज बांगलादेशच्या निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त कपडेच आहेत.

दुसरी गोष्ट कागदाची आहे, आणि माझं काम तेच असल्यामुळे मला ती जास्त मोठी वाटते. कारखानदाराकडे कापड घ्यायला पैसे नव्हते. तर त्यांनी असं केलं की बाहेरच्या बायरने शर्टासाठी जी एलसी उघडली, म्हणजे माल पाठवल्याची ठरलेली कागदपत्रं दाखवली की पैसे देऊ अशी बँकेची हमी, ती एलसी आपल्या बँकेला दाखवायची आणि त्याच्या जोरावर बँक कापड विकणाऱ्याच्या नावाने दुसरी एलसी उघडणार. कापड येणार, बाँडेड गोदामात ठेवणार, ड्युटी भरायची नाही कारण ते शर्ट होऊन बाहेरच जाणार आहे. म्हणजे खिशात पैसे नसलेला माणूससुद्धा हुशारी आणि शिलाई मशीन एवढ्यावर एक्सपोर्टर होऊ शकला. अशा दोन नियमांनी जे होतं ते दहा सबसिडीने होत नाही.

तेल, सोनं, खनिजं असलेल्या देशांचं तर आयतंच झालं की?

विकायला मिळतं, पण बाकीचे धंदे बसतात. नायजेरिया पूर्वी शेंगदाणे आणि पाम तेल मोठ्या प्रमाणात बाहेर पाठवायचा, कानो शहरात शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, खनिज तेल सापडल्यावर हळूहळू ते सगळं गेलं. डॉलर तेलातून आले की चलन महाग होतं, मग शेतातला आणि कारखान्यातला माल बाहेर महाग पडतो. नेदरलँड्सलाही 1959 ला ग्रोनिंगेनला गॅस सापडल्यावर हाच त्रास झाला होता, म्हणून या दुखण्याला डच डिसीज असंच नाव पडलं.

रुपया पडला की निर्यात वाढते ना? मग पडू द्यावा की.

थोडी मदत होते, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आमच्या द्राक्षाचंच बघा, पेटीत ठेवायचे गंधकाचे पॅड, काही औषधं, जहाजाचं भाडं, बराच खर्च डॉलरशी बांधलेला आहे, रुपया पडला की तोही वाढतो. उलटं उदाहरण जपानचं, 1985 ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात करार झाला आणि येन इतका महाग झाला की डॉलरला 240 च्या आसपास येन मिळत होते ते दोनेक वर्षांत दीडशेच्या आसपास आले. जपानच्या गाड्या खपायच्या थांबल्या का, नाही. त्यांनी खर्च कमी केले, काही कारखाने थायलंड मलेशियाला नेले आणि विकत राहिले, कारण घेणारा जपानी गाडी नुसती स्वस्त म्हणून घेत नव्हता, बंद पडत नाही म्हणून घेत होता.

आयात कमी आणि निर्यात जास्त, असं सरळ धोरण का नाही ठेवत?

कारण आजकाल एका देशात अख्खी वस्तू बनतच नाही. व्हिएतनाम घ्या, 1986 ला त्यांनी दोई मोई म्हणून सुधारणा सुरू केल्या, 2001 ला अमेरिकेशी करार, 2007 ला डब्ल्यूटीओमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले, त्याच सुमाराला सॅमसंग बाक निन्हला फोनचा कारखाना काढायला आलं. आज 10 कोटींचा तो देश वर्षाला 40,000 कोटी डॉलरच्या वर निर्यात करतो, भारताच्या जवळपास. पण त्या फोनमधल्या चिप, स्क्रीन बाहेरून येतात, त्यावर ड्युटी लावून ठेवली असती तर फोन तिथे जोडायला कोण आलं असतं. त्यात एक खोट आहे, निर्यातीचा मोठा भाग परदेशी कंपन्यांचा आहे, त्यांच्या स्वतःच्या कंपन्या अजून तेवढ्या वर आल्या नाहीत. तरी सुरुवात तिथूनच होते असं माझं मत आहे, बाहेरच्या पार्टवर जड ड्युटी लावून आपण बरेचदा आपल्याच कारखान्याला बाजारात महाग करून ठेवतो.

नेदरलँड्स एवढासा देश, तिथे शेतीमाल एवढा कुठून येतो?

क्षेत्रफळ नाशिक जिल्ह्याच्या तिप्पटही नाही, आणि 2023 ला शेतीमालाची निर्यात 12,000 कोटी युरोच्या पुढे. त्यातला बराच माल त्यांचा नसतोच, बाहेरून येतो आणि पुढे जातो. आमची द्राक्षंसुद्धा रॉटरडॅमला उतरतात आणि तिथून पुढे जर्मनी वगैरे जातात. आल्समेरचा फुलांचा लिलाव तर जगातला सगळ्यात मोठा, भाव वरून सुरू होऊन खाली खाली येतो आणि पहिलं बटण दाबेल त्याचा माल, आपल्या बोलीच्या अगदी उलट. केनियाच्या नैवाशा तलावाकाठचे गुलाब तिथे जाऊन विकले जातात. आपल्या मावळातले गुलाबही व्हॅलेंटाइनच्या आधी परदेशी जातात, पण ते काही आठवड्यांचं काम, केनियाचं बाराही महिने चालतं. बायरला बारा महिने माल देणारा हवा असतो.

नाशिकच्या द्राक्षाचं 2010 ला काय झालं होतं? जुने लोक अजून बोलतात.

बोलणारच, ज्यांनी बघितलंय ते विसरू शकत नाहीत. वेलीची वाढ आवरायला क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणून एक वाढरोधक वापरायचे, सगळे त्याला सीसीसी म्हणतात. आपल्याकडे माल जायच्या आधी औषधांच्या अंशांची जी तपासणी व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हतंच. त्या वर्षी युरोपात तपासलं, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळला आणि शेतकऱ्यांपासून एक्सपोर्टरपर्यंत सगळे बुडाले. शेतकऱ्याने चोरी केली नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. यादी अपुरी राहिली आणि त्याची किंमत अख्ख्या जिल्ह्याने मोजली.

पण त्याच्यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अपेडा ही केंद्र सरकारची शेतीमाल निर्यातीची संस्था, तिची ग्रेपनेट ही बागांची नोंदणी त्याआधी काही वर्षं सुरू झाली होती, ती घट्ट झाली, तपासायच्या औषधांची यादी वाढली, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कोणतं औषध कधी बंद करायचं ते काढून देऊ लागलं, आणि आता पेटीवरच्या नंबरवरून माल कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटचा ते कळतं. म्हणजे रॉटरडॅमच्या गोदामात पेटी खराब निघाली तर दिंडोरीतल्या बागेपर्यंत माग काढता येतो. जग आपल्याकडून हेच मागतं.

पॅकहाऊसमध्ये असं काय करतात? द्राक्षंच तर भरायची.

एकदा फेब्रुवारीत येऊन बघा. माल सकाळी ऊन चढायच्या आत तोडून क्रेटमधून येतो. लांब टेबलांवर ताया बसतात, प्रत्येकीच्या हातात बारीक टोकाची कात्री, घड देठाला धरून उचलायचा, मण्यांना बोट लावायचं नाही कारण वरची पांढरी लव पुसली जाते, मग आतून एकेक बारीक मणी, तडकलेला मणी, उन्हाने पिवळा पडलेला मणी कापून काढायचा. मण्याचा आकार मोजायची पट्टी जवळच असते, 18 मिलीमीटरची ऑर्डर असेल तर 16 चा घड त्यात जाणार नाही. मग अर्ध्या किलोच्या डब्या, पेटी, वर गंधकाचा पॅड, आणि लगेच प्रीकूलिंगला, तिथे काही तासांत माल शून्याच्या जवळ आणायचा. पुढे महिनाभर तीच थंडी न तुटता राहिली पाहिजे.

तुटली तर काय होतं ते मी बघितलंय. एका सीझनला आमचा एक कंटेनर बंदराच्या वाटेवर रांगेत उभा राहिला आणि त्याचा जनरेटर मध्येच बंद होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. पेट्यांत तापमान नोंदवायचं छोटं यंत्र असतं, तिकडे उघडल्यावर त्याचा ग्राफ आला, दीड दिवस रेघ वर गेलेली. देठ तपकिरी पडलेले, काही डब्यांत पाणी सुटलेलं. बायरने भाव कापला ते एकवेळ ठीक, पण पुढच्या वर्षी त्याची ऑर्डर निम्म्यावर आली आणि उरलेली दुसऱ्या देशाला गेली. ज्या तायांनी दिवसभर कात्री चालवली त्यांच्या हातचं काम त्या दीड दिवसात गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पेरू देश आपल्या पुढे कसा निघून गेला? तो तर वाळवंट आहे म्हणतात.

किनारपट्टी खरंच वाळवंट आहे. त्यांनी अँडीज डोंगरातलं पाणी कालव्याने, बोगद्याने किनाऱ्याकडे आणलं, 2000 साली शेती निर्यातीसाठी कर आणि कामगारांचे वेगळे नियम केले, आणि मुख्य म्हणजे बाजारात कोणत्या महिन्यात माल नसतो ते हेरलं. ब्लूबेरी 2010 च्या आसपास तिथून जवळजवळ जात नव्हती, आज ताज्या ब्लूबेरीत तो जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार आहे, कारण सप्टेंबर ते नोव्हेंबर युरोप अमेरिकेतला स्वतःचा माल संपलेला असतो आणि त्याचा सुरू असतो. द्राक्षातही तो आता पहिल्या नंबरच्या स्पर्धेत आहे. युरोपात त्यांना करारामुळे ड्युटीची सूट, आपण बरीच वर्षं ड्युटी भरून तिथे उभे राहिलो. आणि वाण! आपण थॉमसनवर अडकून राहिलो, नवीन वाणांना परवाना, रॉयल्टी असते म्हणून टाळलं. आता मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्यांनी पेटंटची नवीन वाणं आणली, पण उशीर झाला तो झालाच.

आंब्याचं पण असंच काही आहे का?

आहे. अमेरिकेत 2007 पासून आपला आंबा जातो तो विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून, त्याची सुरुवात आमच्या लासलगावच्या केंद्रातून झाली. युरोपने 2014 च्या मे महिन्यात हापूससकट आपल्या आंब्यावर बंदी घातली कारण पेट्यांत फळमाशी सापडली, तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर 2015 च्या सुरुवातीला ती उठली. जगात हापूससारखी चव नाही हे मी मनापासून म्हणतो, पण बंदरावर चव कोणी विचारत नाही.

कांद्याला वारंवार निर्यातबंदी का, आणि त्याने एवढं काय बिघडतं?

शहरात भाव वाढला की सरकार घाबरतं, म्हणून बंदी. सप्टेंबर 2019 ला बंदी, सप्टेंबर 2020 ला परत, ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे 2024 ला उठली पण शुल्क राहिलं, ते शून्य व्हायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. 2019 ला बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या त्यावेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या, त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की मी स्वयंपाक्याला कांदा न घालता करायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी आधी कळवत जा. लोक हसले तिथे. मला हसू आलं नाही, कारण आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आपल्याला तोंडावर सांगत होतं की तुमच्या पुरवठ्याचा भरवसा राहिला नाही.

बंदी लागली की बांगलादेश, मलेशिया, आखातातला व्यापारी थांबत नाही, तो पाकिस्तान, इजिप्त, तुर्कीकडे जातो, तिथला माल लावून बघतो, एकदा जमलं की आपला कांदा परत सुरू झाला तरी तो पूर्ण परत येत नाही. साठवणीच्या चाळीत कांदा ठेवलेल्या शेतकऱ्याचा तोटा सगळ्यांना दिसतो, हा दुसरा तोटा दिसत नाही आणि तो वर्षानुवर्षं चालतो. माझं स्पष्ट मत आहे की शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त द्यायचा तर सरकारने वेळेवर खरेदी करून साठा ठेवावा आणि त्यातून द्यावा, शेतकऱ्याचं गिऱ्हाईक तोडून नाही.

बंदर, रस्ते याने किती फरक पडतो?

खूप. ज्या देशाला समुद्र नाही त्याला शेजाऱ्याच्या रस्त्यावर अवलंबून राहावं लागतं, स्वित्झर्लंडला शेजारी जर्मनी मिळाला, युगांडाला तसं नशीब नाही. आपल्याकडे न्हावाशेवा 1989 ला सुरू झालं म्हणून नाशिकचा माल जगात जाऊ शकला, आता पालघरला वाढवण बंदर होतंय, तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचं नीट ऐकलं गेलं पाहिजे, पण मोठ्या जहाजांना खोल बंदर लागतं हेही खरं. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तर 2024 च्या सीझनला जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, दहा-पंधरा दिवस जास्त, त्या दिवसांत द्राक्षाचं देठ वाळतं.

सरकारने मदत करावी का बाजूला राहावं?

करावी, पण परीक्षा घेऊन. मलेशियाने प्रोटॉन आणि कोरियाने ह्युंदाई, दोघांनीही आपल्या गाडीला घरच्या बाजारात संरक्षण दिलं. कोरियाने बाहेर विकून दाखवा हा दबाव ठेवला, 1976 ला पोनी गाडी इक्वेडोरला गेली, 1986 ला एक्सेल अमेरिकेत. प्रोटॉनला घरचंच गिऱ्हाईक पुरलं, ती बाहेर तेवढी गेली नाही. आपली बजाजची बॉक्सर मोटारसायकल नायजेरियाच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून चालते, ती तिथल्या खड्ड्यांत टिकून आणि पार्ट गल्लीत मिळवून देऊन चालते, तिथे तिला कोणी संरक्षण दिलेलं नाही.

निर्यात वाढली की तिथल्या माणसाचं भलं होतंच का?

आपोआप होत नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक शिलाई करणाऱ्या बायका, आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. पेरूत 2020 च्या शेवटी शेतमजुरांनी इकाजवळ हायवे अडवला आणि तो 2000 चा कायदा रद्द करायला लावला. आमच्या टेबलावरच्या तायांची मजुरी, पिण्याचं पाणी, संध्याकाळी घरी सोडणारी गाडी, हे एक्सपोर्टच्या खर्चातच धरलं पाहिजे, वेगळी मेहरबानी म्हणून नाही.

माझी तीन एकर बाग आहे, पुढच्या सीझनला एक्सपोर्ट करायचंय, सुरुवात कुठून करू?

तालुका कृषी कार्यालयात प्लॉटची नोंदणी, दरवर्षी करायची, मागच्या वर्षीची चालत नाही. मग एकच माणूस फवारणी बघेल असं ठरवा, दोन डोकी आली की गडबड होते. औषध घेतलं की बिल ठेवा, दुकानदार दुसरं काहीतरी छान आहे म्हणून देईल ते यादीत आहे का आधी बघा, आणि तोडणीच्या किती दिवस आधी ते बंद करायचं तो आकडा बाटलीसकट फोटो काढून ठेवा. सॅम्पल न्यायला माणूस येईल तेव्हा चांगल्या ओळीत नेऊ नका, त्याला पूर्ण बागेत फिरू द्या, लॅबला खोटं सॅम्पल गेलं तर रॉटरडॅमला खरं सापडतंच. आणि फवारणीची वही एप्रिल छाटणीच्या दिवसापासून लिहा, बरेच जण ऑक्टोबर छाटणीपासून सुरू करतात आणि मग जानेवारीत माझ्या टेबलासमोर बसून आठवून आठवून मागच्या तारखा भरतात, तो प्लॉट मी घेत नाही.